झोपवलेल्या कांड्या

मंगळवारी सकाळी अकराला पोलिसाचा फोन आला तेव्हा माझ्या ओढायच्या मशीनमध्ये पोलादाची एक कांडी होती आणि ती तुटायच्या बेतात होती. मी फोन उचलला नाही. कांडी तुटताना काट्यावरून नजर हलवली तर ती कांडी वाया जाते, आणि आमच्या गाब्रोवो गावात कोणी काही वाया घालवत नाही. ती तुटली. मी आकडा वहीत लिहिला, दोन्ही तुकडे डब्यात टाकले, मग फोन घेतला.

"मिन्चो गान्चेव?"

"हो."

"दोन्का गान्चेवा तुमच्या कोण?"

"बायको."

"मिरेव्त्सीच्या अलीकडच्या वळणावर गाडी सरळ खाली नदीकाठी गेली. तुम्ही हॉस्पिटलला या." मग जरा थांबून म्हणाला, "घाई करू नका."

घाई करू नका म्हणाला तेव्हाच कळलं.

दोन्का मिरेव्त्सीला आईकडे निघाली होती. सप्टेंबर म्हणजे मिरच्या भाजायचे दिवस. गाडीच्या डिकीत चाळीस किलो लाल मिरच्या होत्या. हॉस्पिटलच्या दारात जो पोलीस भेटला त्याच्या बुटाला मिरचीची सालं चिकटली होती. कोवळा पोरगा, समुद्राकडचा कुठलातरी.

"वय काय होतं त्यांचं?" त्यानं विचारलं.

"अठ्ठावन्न."

"मग चक्कर आली असेल. नाहीतर वेग. ब्रेक लावल्याची खूणच नाही रस्त्यावर."

"ती चाळीसच्या वर जात नव्हती. पेट्रोल जास्त जातं म्हणून."

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मग त्यानं मांडीवर कागद ठेवून लिहिलं: चालकाची चूक. तीन शब्दही नाहीत. बत्तीस वर्षं ती त्या रस्त्यानं आईकडे जात होती आणि एका कोवळ्या पोरानं दोन शब्दांत ते उरकलं.

दफनाला कारखान्याकडून पुष्पचक्र आलं. त्यावरची फीत छापलेली होती आणि तिच्यावर दोन्काचं नाव चुकलं होतं. आमचा मालक, इंजिनियर काल्चेव, काळा कोट घालून आला. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "मिन्चोभाऊ, कबरीवरचा क्रॉस आपण छापून देऊ. पोलादाचा. फुकट."

मी विचारलं, "उभा छापणार की आडवा?"

तेव्हा मी ते सहज बोललो होतो. मला टोमणे मारायची सवय आहे, दफन असो नाहीतर बारसं. पण काल्चेवनं माझे हात सोडले. त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या खिशात हात घातला. ते माझ्या लक्षात राहिलं.

काल्चेवच्या कारखान्यात आम्ही धातू छापतो. लोकांना त्याचं फार कौतुक. शाळेची पोरं बघायला येतात, नगरपालिकेचे लोक पाहुणे घेऊन येतात, काचेला नाक लावून उभे राहतात. आत काय चालतं? पोलादाची पूड, पिठासारखी बारीक, एका प्लेटवर पसरायची. लेझरनं जिथे हवी तिथे वितळवायची. प्लेट केसाएवढी खाली न्यायची, वर पुन्हा पूड, पुन्हा लेझर. असे हजारो थर चढले की वस्तू तयार. काल्चेव पाहुण्यांना सांगतो, "इथून पुढे घण नाही, साचा नाही, कचरा नाही." पाहुणे माना हलवतात. मी मागे माझ्या मशीनपाशी उभा असतो आणि माझं काम एवढंच, की त्या चमत्कारातली एक कांडी दोन जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची.

त्याआधी बावीस वर्षं मी ओझी उचलायच्या यंत्रांच्या कारखान्यात ओझं अडकवायचे लोखंडी आकडे तपासत होतो. तिथला आमचा मुकादम निरक्षराच्या वरताण होता, पण एक नियम त्यानं डोक्यात ठोकून बसवला होता. आकड्याची परीक्षा घ्यायची तर कांडी आकड्यातूनच कापायची. शेजारी वेगळी ओतलेली कांडी म्हणजे शेजाऱ्याचा पोरगा. त्याच्या मार्कांवर आपल्या पोराला पास करायचं नाही.

तो कारखाना बंद पडला. मुकादम मेला. मी काल्चेवकडे आलो आणि शेजाऱ्याची पोरं ओढायला लागलो.

आता गाडीचं. आमची गाडी पस्तीस वर्षांची. ती बनवणारा कारखाना कधीच मोडीत गेला. दुसरीकडे लोक असली गाडी भंगारात देतात. आमच्याकडे असल्या गाड्या अजून पन्नासेक तरी आहेत, कारण चालतंय ते फेकायचं कशाला. फक्त स्टिअरिंगचा दांडा झिजतो. चाकाला वळवणारा तो हातभर लांबीचाही नसलेला तुकडा, तो गेला की गाडी जाईल तिकडे जाते. नवा मिळत नाही. काल्चेवच्या डोक्यात आलं की आपण छापू. जुना दांडा मोजला, चित्र काढलं, आणि मे महिन्यात सोळा दांडे छापून काढले. चौदा ऑफिसच्या खिडकीतून विकले. एक फळीवर ठेवला, पाहुण्यांना दाखवायला. एक मला दिला.

तो मीच बसवला. जूनमधला रविवार होता. मी गाडीखाली, दोन्का वर स्टुलावर बसून पाने देत होती. ती आयुष्यभर कापडगिरणीत विणकरीण होती. गिरणी बंद झाली तरी दुकानात कापड दिसलं की दोन्ही हातांत धरून आधी उभं ओढायची, मग आडवं. दुकानदारीण कावायची. "बाई, घ्यायचं तर घ्या, फाडू नका." ही म्हणायची, "उभा धागा सगळेच चांगला घालतात गं. चोरी आडव्यात असते."

त्या दिवशी तिनं विचारलं, "काय रे, हे पूड चिकटवून केलेलं मला घेऊन घाट चढणार?"

"चिकटवलेलं नाही. वितळवलेलं."

"तेच ते. ओढून बघितलंस?"

"बघितलं. उत्तम आहे. मीच दाखला दिलाय."

"कुठून ओढलंस? उभं की आडवं?"

"कांडी आहे ती, चादर नाही. तिला एकच बाजू असते."

"अस्सं. मग तुझ्या मशीनला माझ्यापेक्षा कमी कळतं," ती म्हणाली आणि चुकीचा पाना माझ्या हातात दिला. मी ओरडलो. ती हसली. एवढंच बोलणं झालं. मी बोल्ट आवळले.

दफनानंतर दहाव्या दिवशी गाडी ताब्यात घ्यायला पोलिसांच्या आवारात गेलो. पुढची दोन चाकं दोन दिशांना बघत होती. मी खाली वाकलो. दांडा मानेपाशी तुटला होता. तुटलेली बाजू मी बोटानं पुसली.

चांगलं पोलाद तुटताना आधी ताणतं, मान बारीक करतं, कडेला ओठासारखी कड काढतं. म्हणजे मरताना काहीतरी सांगून जातं. या दांड्याची मान बारीक झालीच नव्हती. सुरीनं पाव कापावा तसा सपाट तुटला होता, आणि त्या सपाट भागावर बारीक राखाडी ठिपके होते. ठिपके म्हणजे न वितळलेली जागा. पत्त्यांचा कॅट हातात धरून वाकवला तर तो वाकतो. पण एक पत्ता दुसऱ्यावरून उचलून सुटा करायला पोरगं पुरतं. इथे थर दांड्याच्या लांबीला आडवे होते. म्हणजे दांडा प्लेटवर उभा करून छापला होता.

मी तो तुकडा सोडवून खिशात घातला आणि कारखान्यात गेलो. प्लेट लावायचं काम झिव्कोकडे. चाळिशीचा माणूस, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया खातो आणि कोणालाही नाही म्हणू शकत नाही.

"झिव्को, मे महिन्यातली दांड्यांची प्लेट दाखव."

"मिन्चोकाका, सुट्टी घ्या की थोडे दिवस. कशाला..."

"दाखव."

त्यानं पडद्यावर काढली. सोळा दांडे, सगळे उभे, दाटीवाटीनं. रांगेत उभ्या केलेल्या शिपायांसारखे.

"हे आडवे का नाही?"

"आडवे सहाच बसतात. साहेब म्हणाले, उभे सोळा बसतात. एकाच दमात निघतात." तो बी सोलायला लागला, मग थांबला. "थरही जरा जाड घेतले होते. लवकर व्हावं म्हणून."

"आणि माझ्या कांड्या?"

त्यानं बोट दाखवलं. प्लेटच्या कडेला तीन कांड्या होत्या. आडव्या. शिपाई उभे आणि कांड्या त्यांच्या पायाशी झोपलेल्या.

म्हणजे मी ओढलेल्या कांड्यांत थर लांबीच्या दिशेनं गेलेले होते. त्या कांड्या छान ताणल्या, छान तुटल्या, आणि मी दाखल्यावर सही केली. दांड्यात थर बरोबर उलटे. आडवी कांडी ओढली तर न वितळलेले ठिपके दबून राहतात, चपट्या नाण्यासारखे. उभी ओढली तर तेच ठिपके तोंड उघडतात. हे माहीत नसायला मी काही नगरपालिकेचा पाहुणा नव्हतो.

फळीवरचा सोळावा दांडा मी उचलला. त्याच्यावर पाहुण्यांसाठी चिठ्ठी लावली होती: 'उद्याचं पोलाद.' करवतीनं त्यातून लांबीत एक कांडी काढली. दोन तास लागले. झिव्को बघत उभा राहिला. शेवटी त्यानंच तेलाची पिचकारी आणून दिली. मशीनच्या जबड्यात कांडी धरली, ओढायला सुरुवात केली. दाखल्यावर मी लिहिलं होतं की कांडी तुटायच्या आधी पंधरा टक्के लांबते. ही दोन टक्केही लांबली नाही. दाखल्यातल्या ताकदीच्या दोन तृतीयांशावर, कसलीही कुरकूर न करता, टक् करून गेली. काटा खाली पडला.

"बंद पडलं का मशीन?" झिव्कोनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पहिल्यांदाच चाललं."

तुकडे घेऊन मी काल्चेवच्या खोलीत गेलो. ते टेबलावर ठेवले. शेजारी गाडीतला तुकडा ठेवला. तो कॉफी पीत होता. कपाची बशी त्यानं जरा बाजूला सरकवली, पोलाद लागून बशी फुटेल म्हणून.

"अपघातात गाडी दगडावर आपटली," तो म्हणाला. "दांडा तेव्हा तुटला असणार."

"दगडावर आपटलेला वाकतो. हा वाकला नाही. आणि फळीवरच्याला कोणता दगड लागला?"

"फळीवरचा नमुना तुम्ही न विचारता कापलात, मिन्चोभाऊ."

"इंजिनियरसाहेब, चौदा जण हे घेऊन घाटात फिरतायत. यादी द्या. आजच बोलावून घेऊ."

"यादी कुठली? खिडकीतून विकले. चौदा माणसांसाठी वही घालायची का?"

"मग पेपरात द्या. रेडिओवर सांगा."

"आणि काय सांगू? पोलिसांनी लिहिलंय चालकाची चूक. मी उठून सांगू की नाही, माझी चूक?" त्याचा आवाज चढला. "बायको गेली तुमची, मला समजतं. पण तुम्ही दोष द्यायला कोणीतरी शोधताय."

"मी शोधत नाही. मला सापडलाय. दांडे उभे आणि कांड्या झोपवलेल्या. ही अक्कल कोणाची?"

तो उठला. कपाटातून एक फाईल काढली, पान उलटलं आणि माझ्यासमोर ठेवली. छापायच्या कामाचा कागद होता तो. नमुन्याच्या कांड्या कशा ठेवायच्या, त्या रकान्यात त्याच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: आडव्या. मिन्चो गान्चेव यांच्या सूचनेवरून. तारीख मार्चमधली.

मला आधी काही आठवेना. मग आठवलं.

मार्चमध्ये कुठल्याशा यंत्राच्या बिजागऱ्या छापल्या होत्या. त्यांच्याबरोबरच्या कांड्या उभ्या होत्या. तिन्ही लवकर तुटल्या. काल्चेव माझ्या मशीनपाशी येऊन डोकं खाजवत उभा राहिला. झिव्को होता, पॅकिंगच्या दोन बायका होत्या. "आता काय करायचं, मिन्चोभाऊ?" काल्चेवनं विचारलं. त्याला सांगायला हवं होतं की थर पातळ घे, लेझर हळू चालव, वस्तू आडवी छाप. ते मी सांगितलं नाही. इंजिनियर असून मला विचारतो याचीच मला मजा वाटली. मी म्हणालो, "झोपवा त्यांना, साहेब. म्हातारीकोतारी बघा, उभी केली की कण्हतात. झोपवली की तक्रार नाही."

सगळे हसले. पॅकिंगवाली एक तर डोळे पुसायला लागली. काल्चेव हसला नाही. आमच्या गावात फुकटचा सल्ला मिळाला तर कोणी हसण्यात घालवत नाही. तो गेला आणि त्यानं लिहून ठेवलं.

मी तो कागद वाचून फाईल बंद केली. काल्चेव म्हणाला, "हे मी पोलिसांना दाखवलेलं नाही. दाखवायची इच्छाही नाही." मोठ्या मनाचा माणूस. मी त्याच्या कॉफीच्या बशीत तुटक्या कांडीचे दोन्ही तुकडे ठेवले आणि बाहेर पडलो. बशीला तडा गेला असावा, आवाज तसा आला.

पोलीस चौकीत तोच कोवळा पोरगा होता. त्याला मी सगळं सांगितलं, कागदाचंही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. हे मी त्याच्या बाजूनं सांगतो, कारण बाकी त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही.

"म्हणजे बघा," तो म्हणाला. "तुटका दांडा तुम्ही काढलात. दुसरा दांडा तुम्ही कापलात. ओढला तुम्ही. तो कच्चा आहे असं म्हणताय तुम्ही. आणि तो पक्का आहे असा दाखलाही तुमच्याच सहीचा. मी कोणत्या मिन्चोवर विश्वास ठेवू?"

"आत्ताच्या मिन्चोवर."

"तो आधी आला असता तर बरं झालं असतं."

त्यानं सांगितलं की तज्ज्ञाकडे पाठवायला लागेल, तज्ज्ञ राजधानीत, सोफियात असतो, अर्ज द्या. मी अर्ज दिला. कागद बदलला नाही. चालकाची चूक. आणि चूक दोन्काची आहे तोवर दांडा निर्दोष, आणि दांडा निर्दोष तोवर चौदा गाड्या रस्त्यावर.

पेपरातल्या बाईनं विचारलं, तुमच्याकडे पुरावा काय. रेडिओवाला म्हणाला, कारखाना आमचा जाहिरातदार आहे, पण तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. सहानुभूती मला इतकी मिळाली होती की तिच्यावर हिवाळा काढता आला असता. मी बाजाराच्या वाहनतळावर उभा राहून तसल्या गाड्यांच्या काचेत चिठ्ठ्या खोचल्या. लोकांनी त्या पिझ्झाच्या जाहिराती समजून फेकल्या.

चाळीसाव्याची मृत्युपत्रकं छापायची वेळ आली. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि काळी चौकट असलेला कागद दारावर, खांबावर, बसथांब्यावर लावतात. गेल्यावर एकदा, चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. गावातले खांब असे कागदांनी मढवलेले असतात. आणि आमचे लोक दुसरं काही वाचत नाहीत पण ते वाचतात. बस चुकली तरी चालेल, पण कोण गेलं, कितव्या वर्षी गेलं, ते वाचल्याशिवाय पाय उचलत नाहीत.

पत्रकं छापणाऱ्या बाईचं नाव व्हेनेता. तिच्याकडे तयार मजकूर असतात, एक ते नऊ. ती म्हणाली, "खाली नावं सासूबाईंचं आणि तुमचं, दोनच ना? मग चार नंबर. 'तुझी उणीव प्रत्येक दिवशी.' शोभून दिसतो."

मी माझा कागद दिला. तिनं तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"काका, हे काय? दांडा, गाडी... असलं इथे लिहीत नाहीत."

"का?"

"हे मृत्युपत्रक आहे. नोटीस नाही."

"काळी चौकट घाल. फोटो वर. खाली मी दिलंय ते, अक्षरही गाळू नकोस."

"लोक काय म्हणतील?"

"वाचतील. मग काय म्हणायचं ते म्हणू देत."

दोन्काचा फोटो, निळ्या ओढणीतला, आणि खाली असं लिहिलं होतं:

'दोन्का गान्चेवा, वय ५८. चाळीस दिवस झाले. ती वेगात नव्हती. तिच्या गाडीचा छापील स्टिअरिंगचा दांडा तुटला. तसेच आणखी चौदा या मे महिन्यात या गावात विकले गेले. तुमच्या जुन्या गाडीत तो असेल तर गाडी हलवू नका. कळवा. मी घरी येऊन बदलून देईन. तो दांडा पास केला मी. मिन्चो गान्चेव, पती.' आणि पत्ता.

तीनशे प्रती काढल्या. गावात लावल्या, घाटातल्या थांब्यांवर लावल्या, खेड्यांतल्या दुकानांच्या दारावर लावल्या. कारखान्याच्या फाटकावरची काल्चेवनं काढून टाकली. मी पुन्हा लावली. त्यानं पुन्हा काढली. तिसऱ्यांदा त्यानं मला काढलं. मशीनवर आता झिव्को आहे. कांड्या उभ्या ठेवतो असं मला सांगतो.

बदली दांडे मी घरी करतो. शेजाऱ्याचा लेथ आहे, आणि घडवलेल्या पोलादाच्या कांबी भंगारात मिळतात. कांब कापायची, तासायची, कानस मारायची. दिवसाला एक होतो. दिसायला काल्चेवच्या दांड्याच्या पासंगालाही पुरत नाही.

पहिला माणूस तिसऱ्या दिवशी आला. निवृत्त मास्तर, आपली गाडी तीन किलोमीटर ढकलत आणली. हलवू नका असं लिहिलं होतं म्हणून चालू केली नाही म्हणे. दुसऱ्यानं फोन केला आणि विचारलं, बदलून देताना तेलही बदलणार का. तिसऱ्या बाईनं दारातच विचारलं, "खरंच फुकट? मग मागचं चाकही जरा बघा." एकजण दांडा न बसवलेलाच घेऊन आला. मे महिन्यात स्वस्त म्हणून घेऊन ठेवला होता, जुना पुरता मोडेपर्यंत बसवायचा नाही असं ठरवून. त्या माणसाच्या चिकटपणावर मी आयुष्यभर हसलो असतो. त्याला मी घरी गाळलेली राकिया पाजली.

प्रत्येक परत आलेल्या दांड्यातून मी कांडी कापतो. झिव्को जेवणाच्या सुट्टीत ती मशीनवर ओढून देतो आणि आकडा लिहून पाठवतो. बरे दोनच निघाले. बाकीचे सगळे पहिल्यासारखेच.

चाळीसाव्याला कबरीवर सासूबाई गेनाबाई आणि मी. गेनाबाई ऐंशी पार केलेल्या, मिरेव्त्सीहून बसनं आल्या, उकडलेल्या गव्हाचं भांडं मांडीवर घेऊन. बसथांब्यावरचं पत्रक वाचूनच आल्या होत्या. त्यांनी कबरीवर वाइन ओतली, गहू वाढले, आणि मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"जावई, माझ्या पोरीच्या फोटोखाली लोखंडाची नोटीस लावलीस."

"हो."

"शेजारीण म्हणाली, लाज नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तुझ्या नवऱ्याचा कागद तीन वर्षं लागतोय, कोणी थांबून वाचला का?" त्यांनी गव्हाचा एक घास खाल्ला. "मिरच्या सगळ्या नदीत गेल्या ना?"

"सगळ्या."

"हं." त्यांनी गव्हाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझ्या त्या कांड्या झोपवल्या होत्या म्हणे. मास्तरांनी सांगितलं बसमध्ये."

"काल्चेवनं झोपवल्या."

"काल्चेव? त्याला मी लहानपणापासून बघतेय. त्याला स्वतःहून कूस बदलायची अक्कल नाही. कोणीतरी सांगितलं असणार." त्या माझ्याकडे वळल्या. "कोणी सांगितलं रे?"

मी बाटली उचलून त्यांच्या पेल्यात वाइन ओतली. पेला भरलेलाच होता, ती कडेनं खाली सांडली. त्यांनी झग्याला हात पुसले आणि पुन्हा विचारलं नाही.

त्याला आता साडेचार महिने झाले. सहा महिन्यांची पत्रकं मी लावली आहेत, मजकूर तोच, फक्त आकडा बदलला आहे. अकरा दांडे परत आले. तज्ज्ञाचं उत्तर आलेलं नाही, कागदावर चूक दोन्काचीच आहे. तीन दांडे कोणाच्या गाड्यांत आहेत ते मला माहीत नाही, आणि कांड्या झोपवा असं कोण म्हणालं ते मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.